चौघांनी घडवलेलं डोकं

आमच्या विद्यापीठाच्या शिल्पकला विभागात चार शिल्पकार आहेत आणि त्यांच्या हातून शिल्प असं कित्येक वर्षांत झालेलं नाही. त्या चौघांतली एक मीच असल्यामुळे ही निंदा नाही, घरची बातमी आहे.

आम्ही शिकवतो. शिकवतो म्हणजे मुलांच्या मागे उभं राहून त्यांनी केलेल्या मातीच्या कामात अंगठा खुपसतो. याला आमच्याकडे करेक्शन म्हणतात. एखादी मुलगी सकाळपासून कान करत बसलेली असते. आपण मागून जायचं, तिच्या खांद्यावरून हात घालायचा, अंगठ्याच्या एका दाबात तो कान मागे ढकलायचा आणि काही न बोलता पुढच्या स्टँडकडे वळायचं. निम्मं आयुष्य असं काढल्यावर माणसाला दोन खोडी लागतात. कोऱ्या मातीसमोर उभं राहिलं की हात चालत नाही, आणि दुसऱ्याने केलेलं काही दिसलं की हात राहत नाही.

हे वळण आम्हांला लावलं ते आमच्या मास्टरांनी. कुंभकोणमच्या या विभागात मातीकामाचा वर्ग त्यांनी उभा केला आणि आम्ही चौघंही त्यांच्याच अंगठ्याखालून गेलो. गेल्या वर्षी पंगुनी महिन्यात, ऊन तापायला लागलं तेव्हा, मास्टर वारले. स्मशानात आमच्या विभागप्रमुखांनी डोळे पुसत चितेकडे पाहिलं आणि डावीकडची लाकडं जरा जास्त झालीत असं म्हणाले. मास्टरांना हेच आवडलं असतं.

मास्टरांचं घर आणि माझं घर एकाच बोलीचं. आमचे पूर्वज राजाबरोबर तंजावरला आले आणि परत जायचं विसरले. इथली माणसं आम्हांला रायर म्हणतात. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याच्या एका चर्चासत्रात एका बाईंनी मला विचारलं होतं की तुम्ही ऐतिहासिक नाटकांतून काम करता का. तेव्हापासून लिहायला बसले की मी पुण्याकडचं लुगडं नेसते. मास्टरांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, तोंडी मात्र आमचीच भाषा ठेवणार आहे. दुसरी भाषा घातली तर त्या काकी राहणार नाहीत.

दिवस झाल्यावर काही आठवड्यांनी मी काकींना भेटायला गेले. समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. फोटोत निळा कोट आणि लाल टाय घातलेले एक गोरे गृहस्थ अगदी सरळ बघत होते. मी क्षणभर त्यांना नमस्कार करायचंच विसरले. जन्मभर वेष्टी आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला माणूस मेल्यावर एकदम विमा कंपनीत साहेब झाला होता.

त्याला कारण होतं. मास्टरांचा धड फोटोच नव्हता. दरवर्षी विभागाचा सामुदायिक फोटो निघायचा आणि दरवर्षी ऐन वेळी मास्टर कुणाची तरी मान सरळ करायला वळलेले असायचे. त्या सगळ्या फोटोंत मास्टरांच्या जागी एक पांढरा धूर आहे. शेवटी ओळखपत्रावरचा इवलासा, पुसट झालेला फोटो स्टुडिओवाल्याला दिला. त्याने तो मोठा केला, रंग उजळला आणि आपल्याकडून कोट चढवला.

काकींनी मला कॉफी दिली आणि फोटोकडे पाठ करून बसल्या.

"डोळे मिटलें की पैलें ते दिसायचे गे," त्या म्हणाल्या. "आतां हा कोटवाला येतो. दिवसभर भिंतीवर हाच, डोळे मिटलें तरी हाच. यांनीं कधीं कांहीं सरळ पाहिलें न्हाई, आणि हा बघ कैसा पाहतो."

मी म्हटलं, फोटो उतरवून ठेवा. तर म्हणाल्या, उतरवून पाहिला, पण मनातला उतरत नाही. चेहरा आठवायला जावं तर आधी टाय आठवतो. हे सांगताना त्यांचा आवाज इतका साधा होता की मला खाली बघावं लागलं. नवरा गेल्याचं दुःख त्यांनी पचवलं होतं. त्याचा चेहरा जाणं त्यांना पचत नव्हतं.

मग त्यांनी लग्नाची गोष्ट सांगितली. अंतरपाट दूर झाला, मंडळी अक्षता टाकतायत, आणि नवरदेव मान वाकडी करून, खालचा ओठ पुढे काढून, एक डोळा बारीक करून वधूकडे बघतोय. त्यांना वाटलं, संपलं, पसंत नाही. एवढ्यात त्याने हात पुढे केला आणि त्यांची कलती झालेली मुंडावळ सरळ केली. पुढे जन्मभर तेच. सांबाराकडे तसंच बघायचे, दारातल्या रांगोळीकडे तसंच, पौर्णिमेच्या चंद्राकडेसुद्धा.

"आणि ही माझी कण्णाडी," त्यांनी नाकावरच्या चष्म्याला बोट लावलं. तो डावीकडे उतरलेला होता. मघापासून मला ते खुपत होतं. "ही ऐसीच उतरते. मी सरळ करीपर्यंत पाहात बसायचे. तोंडानें कधीं सांगटलें न्हाई."

मी म्हटलं, काकी, चष्मेवाल्याकडे जाऊन स्क्रू आवळून घ्या. त्या म्हणाल्या, आता कशाला, पाहायला कोण आहे. आणि निघताना दारात माझा हात धरून म्हणाल्या, "तुमी अस्के त्यांचे शिष्य. येवढ्या जगाचीं तोंडें करतां. त्यांचें येक करा. येकदां नीट पाहतें, मग आब्दिक झाल्यावर लेकीकडे बेंगळूरास जातें." घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं. वर्षश्राद्धापर्यंतची मुदत होती.

मी विभागात येऊन हे सांगितलं. सगळ्यांना पटलं. विद्यापीठानेही हरकत घेतली नाही. विभागाच्या दारात मास्टरांचा अर्धपुतळा बसवायचा आणि कुलगुरूंनी त्याचं अनावरण करायचं असं ठरलं. तो कुणी करायचा एवढाच प्रश्न होता. एकाने केला असता तर तिघं आयुष्यभर त्याच्याशी बोलले नसते, म्हणून चौघांनी मिळून करायचं ठरलं. हा बारभाईंचा कारभार कुठे जाणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता माझ्या तीन सहकाऱ्यांविषयी सांगायला हवं. विभागप्रमुख विचारवंत आहेत. त्यांचं मोठं काम सध्या संकल्पनेच्या पातळीवर आहे, आणि मी त्यांना ओळखते तेव्हापासून ते त्याच पातळीवर आहे. ते हवेत हात फिरवून ते काम दाखवतात. परीक्षा घ्यायला बाहेरून आलेले लोक माना डोलावतात. चेहऱ्यात साम्य असणं ही त्यांच्या मते बाजारू गोष्ट आहे.

दुसरे स्वामीमलैचे, पिढीजात मूर्तिकारांच्या घरातले. भाऊ अजून तिथे देवांच्या पंचधातूच्या मूर्ती ओततो, यांनी नोकरी धरली. पण शास्त्र सोडलं नाही. नारळाच्या झावळीची एक पट्टी घडी घालून त्यांच्या खिशात असते. मूर्तीची सगळी मापं त्या घड्यांवर. कपाळ, नाक आणि नाकाखालचा भाग हे तिन्ही समान असलेच पाहिजेत. मास्टरांच्या बाबतीत ते नव्हते, पण तो मास्टरांचा दोष, शास्त्राचा नाही.

तिसरा आमच्यात तरुण, म्हणजे अजून केस काळे असलेला. त्याची डॉक्टरेट हाडांवर आहे. तो आधी कवटी घडवतो, तिच्यावर स्नायू चढवतो आणि मग कातडी. टाचण्या टोचून खोली मोजतो. त्याच्या हाती माणूस दिला की तो आधी त्याला मरणाच्या पलीकडे नेतो आणि मग हळूहळू परत आणतो. सहसा परतीची वाट सत्र संपेपर्यंत पुरी होत नाही.

चौथी मी. मी हुबेहूब चेहरे करते, म्हणून विभागात माझी गणना जरा खालच्या पायरीवर. आजूबाजूच्या गावांतल्या पुढाऱ्यांच्या वडिलांचे अर्धपुतळे मी केले आहेत. मुलांना वडील केसाळ आणि हसरे हवे असतात. त्यामुळे मला अशी सवय लागली आहे की मी कुणाचाही चेहरा केला तरी तो थोडा हसतो. हाडवाला म्हणतो की तुमचे सगळे पुतळे मत मागतात.

काम सुरू झालं ते चौथऱ्यापासून. चौथरा किती उंच, त्यावरच्या पाटीवर कुणाची नावं, आणि ती कुठल्या क्रमाने. यावर बैठका झाल्या. पदानुसार, वयानुसार की अक्षरानुसार यावर वाद झाला. मास्टरांचं नाव पाटीवर घालायचं राहिलंय हे शेवटच्या बैठकीत कारकुनाने लक्षात आणून दिलं. तोपर्यंत पोंगलचा तई महिना सरला होता आणि आब्दिक दीडेक महिन्यावर आलं होतं.

मग अरसलार नदीच्या काठची माती आली, ती मळली, लोखंडी नळीचा सांगाडा उभा केला, आणि चौघं त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिलो. कुणी सुरुवात करेना. आपण आधी करा, नाही आपण ज्येष्ठ, असं बराच वेळ चाललं. शेवटी मी मातीचा एक गोळा उचलून नळीवर थापला, आणि तिघांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला. आता त्यांना दुरुस्त करायला काहीतरी मिळालं होतं.

मातीचं काम वाळू नये म्हणून रोज ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावं लागतं. ही ओली फडकी म्हणजे आमच्या विभागाची लाज राखणारी वस्तू. खाली काय झालंय ते उद्या उघडेपर्यंत कुणाला कळत नाही. मी दुपारी नाक करून जेवायला जावं आणि परत येऊन फडकं उघडावं तर नाक झावळीच्या मापाने आखूड झालेलं. दुसऱ्या दिवशी गालाची हाडं वर आलेली आणि त्यांत टाचण्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे बुजवलेले, कारण प्रमुखांच्या मते मास्टरांची दृष्टी डोळ्यांत नव्हती. आम्ही एकमेकांना काहीही विचारत नव्हतो. सकाळी भेटलो की फक्त माती आज छान ओली आहे असं म्हणत होतो.

आणि यात एक चूक झाली, जी शिल्पकला शिकवणाऱ्यांच्याच हातून होऊ शकते. दुसऱ्याने लावलेली माती काढून टाकणं म्हणजे उघड अपमान. विद्यार्थ्याची काढता येते, सहकाऱ्याची नाही. वर आपली माती चढवणं मात्र सहकार्य. त्यामुळे चौघं रोज भर घालत होतो आणि काढत कुणीच नव्हतं. मास्टरांचं डोकं वाढत चाललं. हळूहळू ते गावाबाहेरच्या राखणदार देवाच्या, अय्यनाराच्या डोक्याएवढं झालं, आणि तरी प्रत्येकाला वाटत होतं की आपण फक्त बारीकसं काहीतरी सुधारलं.

एका सकाळी फडकी उघडली तर डोकं डावीकडे झुकलेलं. वजनाने आतली नळी वाकली होती. सगळ्या कामात आम्हां चौघांचं पहिल्यांदा एकमत झालं. आम्ही मागून बांबूचा टेकू लावला, दोरीने ओढून डोकं सरळ केलं आणि एकमेकांच्या पाठी थोपटल्या. त्या डोक्यात मास्टरांसारखं ते डावीकडे झुकणं एवढंच काय ते होतं, हे मला फार उशिरा सुचलं.

तेव्हाच्या आसपास काकी पहिल्यांदा बघायला आल्या. आम्ही फडकी काढली. त्यांनी चष्म्यातून बराच वेळ नीट पाहिलं. एका हाताने पदर धरून त्या भोवती फिरल्या. छान झालंय म्हणाल्या, माती किती गुळगुळीत आहे म्हणाल्या. मग मागच्या कोपऱ्याकडे, झाकून ठेवलेल्या मुलांच्या कामांकडे बघत त्यांनी तमिळमध्ये सगळ्यांना विचारलं, "आणि आमचे कुठे आहेत?"

प्रमुखांनी घसा साफ करून सांगितलं की त्यांचं काम अजून व्हायचंय, हे वेगळं आहे. त्या मान हलवून म्हणाल्या की घाई नाही, आब्दिकापर्यंत आहे मी. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

परत आले तर तिघं त्या डोक्याभोवती बसले होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं मी माझ्याशीच म्हटलं आणि मग मोठ्याने विचारलं की मास्टर दिसायचे कसे, हे कुणी सांगेल का. स्वामीमलैचे म्हणाले, त्यांचा अंगठा रुंद होता, नखात कायम माती. हाडवाला म्हणाला, मागून तपकिरीचा वास यायचा आणि मग समजायचं की आज आपलं मरण आहे. प्रमुख म्हणाले, नाकाने श्वास सोडायचे, तो आपल्या कानावर यायचा. चपलांचा आवाज प्रत्येकाला आठवत होता. दंडावरचा देवीचा व्रणही आठवत होता.

चेहरा कुणालाच आठवत नव्हता. तो कसा आठवणार. मास्टर कायम आमच्या मागे उभे असायचे. आम्ही कामाकडे तोंड करून असायचो आणि खांद्यावरून हात यायचा. मागे वळून पाहायची हिंमत कुणाची नव्हती. समोर आले की आमच्या माना खाली. चेहरे घडवायला शिकवणाऱ्या माणसाचा चेहरा त्याच्या चार शिष्यांनी पाच-पाच वर्षांत एकदाही धड पाहिला नव्हता. मला त्या दिवशी रडू आलं, आणि आमचा रागही आला.

त्यानंतर आम्ही जरा शहाणे झालो, म्हणजे आणखी वाईट झालो. आता कुणाला दुखवायचं नाही असं ठरलं. ज्या ज्या गोष्टीवर मतभेद होता ती ती गोष्ट गुळगुळीत करून टाकली. भुवया मध्यम, ओठ मध्यम, कान शास्त्राप्रमाणे. माती काढायचीसुद्धा चौघांनी एकत्र, एकमेकांच्या परवानगीने. शेवटी जे उरलं त्यात कुणाला काही खटकत नव्हतं आणि कुणाला काही ओळखू येत नव्हतं. त्याला तुम्ही कुठलंही नाव दिलं असतं तरी चाललं असतं.

साचा शुक्रवारी घालायचा होता, राहुकाळ टळल्यावर. गुरुवारी सकाळी काकींना शेवटचं दाखवायला बोलावलं. परवा आब्दिक, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी येऊन त्यांना बेंगळूरला नेणार होती. मी त्यांना आणायला गेले तेव्हा सामान बांधून झालं होतं. कोटवाला मात्र भिंतीवरच होता. रिक्षात त्यांनी मला विचारलं, "ओळखूं येतील न्हवे गे?" मी खिडकी नसलेल्या रिक्षाच्या बाहेर बघितलं.

वर्गात माती वाळते म्हणून पंखा लावत नाहीत. उकडत होतं. बसायला जागा नव्हती, कारण खुर्च्या अनावरणासाठी मांडवात गेल्या होत्या. मग प्रमुखांनी काकींना मॉडेलच्या उंच स्टुलावर बसवलं, जिथे रोज कुणीतरी म्हातारा तास-तास बसतो आणि मुलं त्याचा चेहरा करतात. त्यांच्यासमोर स्टँडवर ते डोकं, सगळ्यांना दिसावं म्हणून आडवं वळवलेलं, आणि डोक्याच्या पलीकडे आम्ही चौघं एका ओळीत, तोंडं त्यांच्याकडे. प्रमुखांनी मास्टरांच्या अंतरंगाविषयी दोन वाक्यं बोलून फडकं काढलं.

फडकं काढलं आणि प्रमुखांचं तिसरं वाक्य तोंडातच राहिलं. कारण कान बदलला होता. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर कुणीतरी येऊन उजवा कान किंचित खाली ओढला होता. स्वामीमलैच्यांना भुवई उचललेली दिसली. हाडवाल्याला हनुवटी. मला स्वतःला दिसलं की ओठांची माझी मुरड कुणीतरी पुसली आहे. चौघांनीही आदल्या संध्याकाळी गुपचूप हात फिरवला होता, हे उघड होतं. पण काकी समोर बसल्या होत्या. आम्ही फक्त त्या मातीकडे बघत उभे राहिलो.

किती वेळ गेला कोण जाणे. स्टुलावरून एक बारीकसा आवाज आला म्हणून मी डोळे वर केले. काकी मातीकडे बघतच नव्हत्या. त्या आमच्याकडे बघत होत्या. प्रमुखांकडून स्वामीमलैच्यांकडे, तिथून हाडवाल्याकडे, तिथून माझ्याकडे, आणि परत प्रमुखांकडे. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि त्या हसत होत्या. मी कडेला पाहिलं. प्रमुखांची मान डावीकडे कललेली होती, खालचा ओठ पुढे आला होता, एक डोळा बारीक. त्यांच्या शेजारी स्वामीमलैचे, तशीच मान, तसाच ओठ. हाडवाला नाकाने श्वास सोडत होता. माझी मान कधी वाकडी झाली मला माहीत नाही, पण ती वाकडी होती, आणि ओठावर जीभ लावून पाहिली तर तोही बाहेर होता.

पाठीमागून आलेला अंगठा आम्ही शिकलो असं मला वाटत होतं. त्याच्याबरोबर चेहराही येऊन बसला होता, आणि आपल्या मागे कोण उभं आहे ते आमच्या विद्यार्थ्यांनीही वळून पाहिलं नव्हतं. समोर बसून बघणाऱ्या पहिल्या बाई काकीच.

मी सरळ होणार होते. तेवढ्यात काकींनी हात वर केला आणि मॉडेलला आम्ही आयुष्यभर जे सांगत आलो ते आम्हांला तमिळमध्ये सांगितलं. "असेच राहा. हलू नका."

प्रमुखांना वाटलं, त्या पुतळ्याविषयी बोलतायत. पण गुरुपत्नीचा शब्द म्हणून तेही हलले नाहीत. आम्ही चौघं त्या उकाड्यात, एकमेकांवरचा राग तोंडावर तसाच ठेवून उभे राहिलो, आणि काकींनी मनसोक्त पाहून घेतलं. मग त्या स्टुलावरून उतरल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, फार छान झालंय, उद्या साचा घाला. मातीकडे त्यांनी जाताना एकदा पाहिलं, सभ्यपणे, ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं.

त्या दाराबाहेर पडतात न पडतात तोच विभागात श्रेय वाटायला सुरुवात झाली. कान शास्त्राप्रमाणे आल्यामुळे बाईंना ओळख पटली, असं एक मत. कवटी पक्की होती म्हणून, असं दुसरं. अंतरंग, असं तिसरं. मी काही बोलले नाही, आणि हा माझ्या नोकरीतला विरळा प्रसंग. तो पुतळा आज विभागाच्या दारात आहे. अनावरणाला कुलगुरूंनी त्याला एक थोर राष्ट्रपुरुष समजून भाषण केलं. पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर कावळे बसतात आणि येणारेजाणारे कोण हे असं विचारतात. मुलं सांगतात, चौघांनी मिळून केलंय.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारी मी काकींना घरी सोडायला निघाले. रिक्षा महामहम तळ्याकडून वळली आणि पुढे लग्नाची वरात आडवी आल्यामुळे थांबली. मला राहवलं नाही. म्हटलं, काकी, खरं सांगा, पुतळा साधला नाही.

"पुतळा ऱ्हावो गे," त्या म्हणाल्या. "तुमी चौघेंही तेच होऊन बसलांत. येकदम चार चार. आणि चौघेंही रागावलेले." मग म्हणाल्या, "आतां थोडी सुम्मा बैस, बोलूं नकोस. मज पाहूं दे."

त्यांनी पाठ टेकली आणि डोळे मिटले. वरातीतला नादस्वर आणि तविल अगदी रिक्षाला लागून वाजत चालले होते, रिक्षावाला हॉर्न देत होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला भीती वाटत होती की निळा कोट आत्ता येईल. त्यांच्या कपाळाला आधी आठी पडली. मग ती गेली. बराच वेळ त्या तशाच होत्या.

मग डोळे न उघडता त्यांनी हात वर नेला आणि नाकावर उतरलेला चष्मा सरळ केला.